कोन साधला की चीर पडते

वडिलांनी उभं केलेलं प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून-वाकवून भाग बनवायचा कारखाना, आता हे पत्र पाठवणारे वाचक सांभाळतात. इंजिन माउंटिंगचा एल आकाराचा एक ब्रॅकेट ते बरीच वर्षं पुरवत आले आहेत. १२० मिलिमीटर रुंद, एकच बेंड, ९० अंशांचं. पूर्वी तो ४ मिलिमीटरच्या साध्या माइल्ड स्टीलचा होता. वजन कमी करायचं म्हणून ग्राहकाने आता ३ मिलिमीटरचा हाय स्ट्रेंग्थ पत्रा दिला आहे, यील्ड (ज्या ताणापुढे पत्रा कायमचा वाकतो तो आकडा) किमान ५०० मेगापास्कल. डाय मात्र जुनीच आहे: व्ही डाय, म्हणजे व्ही आकाराची खाच, तोंड ३२ मिलिमीटर, वरून पत्रा दाबणाऱ्या पंचाच्या टोकाची गोलाई २ मिलिमीटर. ड्रॉइंगवर आतली गोलाई ३ दिलेली आहे, तीही जुनीच. प्रेस १०० टनी, मेकॅनिकल. पूर्वी दाब सुटल्यावर जॉब जेमतेम २ अंश उलटायचा आणि डायच्या कोनात तेवढी सोय करून ठेवलेली होती. आता तो कधी ३ अंश उघडतो, कधी ७. रॅम, म्हणजे प्रेसचा पंच धरणारा वरखाली होणारा भाग, खाली घेऊन जोरात मारलं तर कोन बरा येतो, पण काही नगांना बेंडच्या बाहेरच्या अंगाला बारीक चिरा दिसतात. पत्रा वाया जाऊ नये म्हणून ब्लँक (वाकवण्याआधी कापलेले सपाट तुकडे) उभे-आडवे दोन्ही बसवून कापतो, असं त्यांनी जाता जाता लिहिलं आहे. वडील म्हणतात २०० टनी प्रेस घ्या. शॉपमधले जुने मिस्त्री म्हणतात गॅसने तापवून वाकवू. एका घाईच्या लॉटला तसं केलंही, आणि ते नग बाकीच्यांत मिसळून ग्राहकाकडे गेले. चिरांवर वेल्ड मारून ग्राइंड करावं, अशीही एक सूचना आहे. वाचकांना स्वतःला वाटतं की पत्राच खराब आहे, परत पाठवावा. ते विचारतात: प्रेस घेऊ, गॅस लावू की पत्रा परत करू? आणि गेलेल्या नगांचं काय?

नमस्कार.

कोन आणि चिरा या तुम्हाला दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. मला ती एकच साखळी दिसते. कोन उलटतो म्हणून तुम्ही रॅम खाली घेतलात. रॅम खाली गेला म्हणून पत्रा पंचाच्या २ मिलिमीटरच्या टोकावर दाबून बसला. आणि तिथे तो फाटायला लागला. वडिलांचा मोठा प्रेस तुम्हाला याच वाटेने आणखी पुढे नेईल. त्यामुळे तिन्ही पर्याय जरा बाजूला ठेवून आधी पत्र्याचं वागणं समजून घेऊ.

त्याच्याही आधी एक काम आजच करा. गॅसचा टॉर्च या जॉबपासून लांब ठेवा. मिस्त्री चुकीचं बोलतात असं नाही, त्यांची रीत ज्या धातूसाठी होती तो धातू आता राहिलेला नाही, इतकंच. साध्या स्टीलची जाड पट्टी लाल करून वाकवली आणि हवेत निवू दिली तर तिचं फारसं बिघडत नाही, कारण मुळात ती अशीच गरम लाटून आलेली असते. तुमच्या नव्या पत्र्याची ताकद मात्र कार्बन वाढवून आणलेली नसते. नायोबियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम असली द्रव्यं चिमूटभर घालून, लाटताना तापमान काटेकोर सांभाळून, त्याचे कण अतिशय बारीक ठेवलेले असतात. ती बारीक घडण हीच त्याची ताकद. टॉर्चने ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे नेलं की ती घडण मोडायला लागते आणि लाल रंगापर्यंत गेलात तर बेंडच्या जागी तुमच्या हातात पुन्हा साधं स्टील उरतं, तेही ४ ऐवजी ३ मिलिमीटरचं. गिऱ्हाइकाने ज्यासाठी हा पत्रा निवडला तेच नेमकं जिथे सर्वांत जास्त ताण येणार तिथून आपण काढून घेतो.

यावर एक पळवाट हमखास सुचवली जाते: लाल नको, नुसतं गरम करू. ती आणखी वाईट. स्टीलवर निळसर झाक येते त्या ३०० अंशांच्या आसपास बरीच स्टील्स ताणून घ्यायला थंड असतानापेक्षाही नाखूश असतात. आणि टॉर्चखाली नक्की किती तापलं हे डोळ्याने कुणालाच सांगता येत नाही, पंधरावा नग तर पहिल्यासारखा तापणारच नाही.

वेल्डची सूचना मी थोडक्यात निकालात काढतो. इंजिनच्या थरथरीखाली जगणाऱ्या ब्रॅकेटवर चीर भरून, घासून, रंग मारून देणं म्हणजे दोष झाकून पुढे ढकलणं आहे. वेल्डच्या कडेला तापलेला पट्टा आणि तळाशी उरलेली चीर, दोन्ही थकव्याच्या तड्याला आयतं आमंत्रण देतात. तो नग भंगारातच टाका.

आता उलटण्याकडे येऊ. आपल्या मनात एक समज पक्का असतो की जास्त ताकदीचा पत्रा म्हणजे जास्त ताठ पत्रा. तसं नसतं. माइल्ड स्टील घ्या किंवा हे ५०० यील्डचं घ्या, दोघांचा स्थितिस्थापकता गुणांक एकच, साधारण २०० ते २१० गिगापास्कल. फरक इतकाच की कायमचा वाकण्याआधी हा नवा पत्रा दुप्पट ताण पोटात घेतो. पंच वर गेला की तो ताण सुटतो आणि पत्रा तितका मागे येतो. या मागे येण्यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात. म्हणजे यील्ड वाढलं की स्प्रिंगबॅक त्याच प्रमाणात वाढतो. दुसरी गोष्ट, बेंडची आतली गोलाई जाडीच्या मानाने जितकी मोठी तितकाही तो वाढतो.

तुमचेच आकडे घालून बघू. हवेत वाकताना, म्हणजे पत्रा डायच्या तळाला टेकत नाही तोवर, तो आतून जी गोलाई घेतो ती डायच्या तोंडाच्या साधारण एक षष्ठांश असते. तुमचं तोंड ३२, म्हणजे गोलाई ५ च्या आसपास. जुन्या ४ मिलिमीटरच्या पत्र्याला हे प्रमाण सव्वापट होतं. नव्या ३ मिलिमीटरच्या पत्र्याला ते सुमारे १.७ पट झालं, म्हणजे तिथेच एक तृतीयांश वाढ. त्यात यील्ड अंदाजे २५० वरून ५०० वर गेलं, म्हणजे दुप्पट. दोन्ही मिळून स्प्रिंगबॅक पावणेतीन पटीच्या जवळ जायला हवा. पूर्वी २ अंश होता, आता साडेपाच. तुम्ही ३ ते ७ लिहिलंय, त्याचा मध्य ५. पत्रा अगदी हिशेबाने वागतोय. जुनी डाय जुन्या पत्र्याच्या २ अंशांवर बेतलेली होती, म्हणून ती "चांगली चालायची".

हाच कागद वडिलांसमोर ठेवताना त्याला टनेजचा हिशेब जोडा. व्ही डायमध्ये हवेत वाकवायला लागणारा जोर असा निघतो: टेन्साइल ताकद (तुटण्याआधी पत्रा सोसतो तो सर्वांत जास्त ताण) गुणिले बेंडची लांबी गुणिले जाडीचा वर्ग, भागिले डायचं तोंड, आणि त्याला १.३३ ने गुणायचं. जुना पत्रा: ४०० मेगापास्कल, १२० लांबी, ४ चा वर्ग १६, तोंड ३२. उत्तर येतं सुमारे ३२,००० न्यूटन, म्हणजे सव्वातीन टन. नवा पत्रा: टेन्साइल ६५० धरा, ३ चा वर्ग ९, बाकी तेच. उत्तर २९,००० न्यूटन, जेमतेम ३ टन. म्हणजे नव्या पत्र्याला जुन्यापेक्षा किंचित कमीच जोर लागतो! जाडीचा वर्ग होतो हे आपण विसरतो. १०० टनी प्रेसवर ३ टनांचं काम चाललंय आणि आपण २०० टनाचा विचार करतोय.

वडिलांचा अनुभव खोटा नाही. त्यांच्या डोक्यात बहुधा कॉइनिंग असणार: बेंडच्या मुळाशी पत्रा इतका चेपायचा की पूर्ण जाडीतून धातू सरकतो आणि स्प्रिंगबॅक जवळपास मरतो. ही पद्धत खरी आहे आणि तिला हवेत वाकवण्याच्या कित्येक पट जोर लागतो हेही खरं. पण मेकॅनिकल प्रेसवर या पत्र्याला तसं मारताना जाडीत थोडा जरी फरक पडला तरी लोड एकदम उसळतो, कारण रॅम ठरलेल्या जागेपर्यंत उतरणारच, मध्ये काय आलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. प्रेस जाम होणं, टाय रॉड किंवा क्रँकवर ताण येणं, डायची तोंडं फुटणं, हे सगळं त्याच वाटेवर आहे. आणि चिरांचा प्रश्न तर आणखी वाढेल. माझं मत विचाराल तर या ब्रॅकेटसाठी प्रेस घेऊ नका. दुसऱ्या कामांसाठी हवा असेल तर तो वेगळा हिशेब.

थोडं थांबून दाबण्याबद्दलही कुणीतरी सांगेलच, की रॅम खाली दोन सेकंद धरून ठेवा. थंड स्टीलला त्याने फारसा फरक पडत नाही. सोडून द्या.

आता माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी तुम्ही कारण म्हणून नव्हे, काटकसर म्हणून सांगितलीत: ब्लँक उभे-आडवे दोन्ही बसवता. स्प्रिंगबॅक ५ अंश आहे हा मुळी प्रश्नच नाही. तो रोज, प्रत्येक नगाला ५ असेल तर डायचा कोन ५ अंश आत घ्यायचा की झालं. खरं दुखणं हे की तो कधी ३ आहे आणि कधी ७. अशा फरकावर कुठलाही डायचा कोन पुरा पडत नाही, एका बाजूला बरोबर केलं की दुसरी बाजू बिघडते. म्हणून मग शॉपमध्ये दर तासाला शट हाइट (रॅम किती खाली उतरतो ती जागा) हलवली जाते, आणि प्रत्येक हलवणं नवा फरक घालतं.

लाटलेल्या पत्र्याला दिशा असते. वर्तमानपत्र एका बाजूने फाडलं तर सरळ पट्टी निघते, दुसऱ्या बाजूने फाडलं तर वेडंवाकडं फाटतं, तसंच काहीसं इथे आहे. लाटताना कण आणि अशुद्धीचे बारीक तंतू लांबीच्या दिशेने ओढले जातात. बेंडची रेघ त्या दिशेला आडवी आली तर पत्रा खूप सोसतो. रेघ त्या दिशेला समांतर आली तर तंतूंच्या मधून उकलतो. शिवाय दोन्ही दिशांचं यील्डही थोडं वेगळं असतं, म्हणजे कोनही वेगळा उलटतो. तुमच्या एकाच पेटीत दोन तऱ्हेचे ब्लँक आहेत. कोनातला फरक आणि "काही नगांना" पडणाऱ्या चिरा, दोन्हींचा मोठा वाटा इथे असावा असा माझा अंदाज आहे. अंदाजावर डाय कापायची नसते, म्हणून एक ट्रायल करा.

एकाच कॉइलचे वीस ब्लँक घ्या. कापायच्या आधी पत्र्यावर मार्करने लाटण्याची दिशा बाणाने दाखवा, कॉइलमधून आलेल्या पत्र्यात ती लांबीच्या बाजूने असते. दहा ब्लँक उभे, दहा आडवे. प्रत्येकावर नंबर टाका, बेंडच्या रेघेवर मायक्रोमीटरने जाडी मोजा आणि लिहा. शट हाइट एकदाच लावा आणि वीसही नग होईपर्यंत कुणालाही तिला हात लावू देऊ नका. तेल सगळ्यांना सारखं. मग बेव्हल प्रोट्रॅक्टरने प्रत्येक नगाचा कोन दोन्ही टोकांना मोजा. ही जोर मारून केलेली ट्रायल नसावी, पंच पत्र्याला तळाशी चेपत नाही इतपतच रॅम ठेवा, नाहीतर पंचाचं २ मिलिमीटरचं टोक पुन्हा मध्ये येईल आणि काहीच कळणार नाही.

तक्ता वाचताना आधी दोन गट वेगळे बघा. प्रत्येक गटात आपापसात अंशाभराचाच फरक असेल आणि दोन गटांमध्ये मोठा असेल, तर दुखणं सापडलं. ब्लँक एकाच दिशेने कापायचे, बेंड लाटण्याला आडवं येईल असे. पत्रा थोडा जास्त वाया जाईल हे कबूल, पण त्याची तुलना भंगारात जाणाऱ्या तयार नगांशी करा, रिकाम्या पट्टीशी नको. एका गटातही फरक मोठा असेल तर जाडीच्या रकान्याकडे वळा: पातळ नग कमी वाकलेत का? हवेत वाकवताना पातळ पत्रा त्याच शट हाइटला कमी कोन घेतो. तेही जुळत नसेल तर मग रॅमच्या गाइडमधला ढिलेपणा बघा. नगाच्या दोन टोकांना कोन वेगळा आला तर डाय नीट बसलेली नाही किंवा रॅम तिरका उतरतोय, पत्र्याला बोल लावू नका.

ट्रायल दुसऱ्या कॉइलवरही एकदा करा. टेस्ट सर्टिफिकेटवर किमान ५०० लिहिलेलं असतं, वरची मर्यादा बहुधा नसते. एक कॉइल ५२० ची आणि दुसरी ६०० ची, दोन्ही पास, आणि स्प्रिंगबॅकमध्ये मात्र पंधरा टक्क्यांचा फरक. सर्टिफिकेटवर प्रत्यक्ष मोजलेला आकडा असतोच, तो फाइलला लावून ठेवण्यापेक्षा प्रेसवर चिकटवा. कॉइल बदलली की पहिला नग मोजून मगच पुढे जायचं, एवढा नियम पुरतो.

पत्रा परत पाठवायचा का, त्याचंही उत्तर इथेच आहे. पत्रा खरंच वाईट आहे असं म्हणायचं असेल तर आपली डाय त्यातून वजा करावी लागेल. पट्ट्या कापा, कडा फाइलने किंवा ग्राइंडरने गुळगुळीत करा, लाटण्याला आडवं बेंड घ्या, आणि पुरवठादाराच्या तक्त्यात या ग्रेडला जी किमान गोलाई दिलीय त्या गोलाईवर वाकवा. तरीही फाटला तर पट्ट्या पेटीत घालून खुशाल तक्रार करा, तुमची बाजू भक्कम आहे. फाटला नाही तर तक्रार करायला तोंड राहणार नाही. मला वाटतं, फाटणार नाही.

चिरांचं म्हणाल तर त्या कुठे सुरू होतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला तेच सर्वांत आधी बघायचं असतं. डोळ्याने नीट दिसत नसेल तर पेनिट्रंट मारून बघा: लाल द्रव, पुसणं, पांढरा डेव्हलपर, चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. चीर बेंडच्या टोकाला, कापलेल्या कडेपासून सुरू होत असेल तर गुन्हेगार कड आहे. ब्लँकिंगमध्ये कड फाटून निघते, तिथला धातू आधीच कडक झालेला असतो, आणि बर (कापताना कडेला उठलेली धारदार कोर) बाहेरच्या अंगाला असेल तर तिथूनच उकल सुरू होते. ब्लँक उलटा ठेवा, बर आतल्या अंगाला येईल असा, आणि बेंड येतं तेवढ्याच जागी दोन्ही कडांवर बेल्ट फिरवा. फुकटचा उपाय आहे आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. ब्लँकिंगच्या पंचाला धार आहे ना तेही बघून घ्या, हा पत्रा धार लवकर खातो.

चीर बेंडच्या मधोमध, रुंदीभर बारीक जाळ्यासारखी असेल तर दोष गोलाईचा आणि दिशेचा. बाहेरच्या अंगाला धातू किती ताणला जातो याचा साधा हिशेब आहे: गोलाईला जाडीने भागा, दुप्पट करा, त्यात एक मिळवा, आणि एकाला त्याने भागा. २ मिलिमीटर गोलाईला हा ताण ४३ टक्के येतो, ३ ला ३३, ४.५ ला २५, आणि ६ ला २०. सर्टिफिकेटवरच्या इलाँगेशनशी (तुटेपर्यंत पट्टी किती टक्के लांबते त्याच्याशी) हे आकडे थेट ताडून बघू नका, कारण तिथे लांब पट्टीची सरासरी असते आणि बेंडमध्ये धातू त्यापेक्षा बराच जास्त ताण सोसतो. पण ४३ वरून २५ वर येणं म्हणजे काय, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. या ताकदीच्या पत्र्यांना बनवणारे साधारण जाडीइतकी किंवा थोडी जास्त गोलाई किमान म्हणून देतात. तुमचं पंचाचं टोक त्याच्याही खाली आहे.

म्हणून पंच बदला. टोकाची गोलाई ४.५ च्या आसपास घ्या. ३२ च्या तोंडात पत्रा स्वतःहून ५ च्या आसपास वळतो, पंच त्याच्या जवळचा असला की पत्र्याला जबरदस्तीने टोकावर बसवावं लागत नाही. मात्र इथे एक गोम आहे. गोलाई वाढली की चिरा थांबतात, पण स्प्रिंगबॅक तेवढाच टिकतो किंवा वाढतो. त्यामुळे नुसता पंच बदलून डायचा कोन तसाच ठेवलात तर "नवीन पंचाने काम बिघडवलं" असा गवगवा होईल. दोन्ही एकत्रच बदलायचं. आधी ब्लँक एका दिशेचे करा, मग नव्या गोलाईवर स्प्रिंगबॅक मोजा, समजा तो सातत्याने साडेपाच आला, तर डाय आणि पंच साडेचौऱ्याऐंशी अंशांचे करा. पहिल्याच फटक्याला नेमका कोन साधेल अशी अपेक्षा नको. ट्रायलचे इन्सर्ट (डायमध्ये बसवायचे सुटे तुकडे) कडक न करता बनवा, पन्नासेक नग काढा, कोन सुधारा, मगच हीट ट्रीटमेंटला द्या. डाय एकसंध न करता इन्सर्टची केलीत तर पुढे झिजल्यावर तेवढाच तुकडा बदलता येतो, आणि हा पत्रा झिजवणार हे नक्की. पंचाचं टोक पत्रा सरकतो त्या दिशेने पॉलिश करा, आडवं नको.

गोलाई बदलली, जाडीही आधीच बदललेली आहे, तेव्हा ब्लँकची लांबी नव्याने काढा. बेंडजवळ भोकं असतील तर ती ओढली जाऊन लंबगोल होतात का तेही तपासा. भोकाची कड बेंडपासून किमान आतली गोलाई अधिक जाडीच्या अडीचपट इतकी लांब असावी, हा ढोबळ नियम.

आता ग्राहक. गोलाई ३ ची ४.५ करायला त्यांची लेखी मंजुरी लागेल, आणि तुम्हाला ते विचारायची भीती वाटतेय हे पत्रावरून कळतं. पण तुमच्याकडे त्यांच्याही कामाचा एक मुद्दा आहे. त्यांनी ४ चा पत्रा ३ चा केला, ताकद दुप्पट घेतली, त्यामुळे ब्रॅकेट तुटण्याची काळजी मिटली. ताठपणाचं काय? तो जाडीच्या घनावर जातो आणि धातूच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. २७ भागिले ६४, म्हणजे सपाट पत्रा वाकण्याविरुद्ध आधीच्या ४२ टक्केच ताठ उरला. इंजिनच्या ब्रॅकेटमध्ये याचा अर्थ थरथर वाढू शकते. बेंडवर आडवी एक किंवा दोन बीड (पत्र्यातच उठवलेली बरगडी) दाबली, कोपऱ्यात असते तशी त्रिकोणी, तर ताठपणा परत मिळतो आणि बीडमुळे बेंड उलटतही फार कमी. एकाच बदलात त्यांचं आणि तुमचं दोघांचं काम होतं. त्यांच्या डिझाइनवाल्यांनी हे आधीच तपासलेलं असू शकतं, नसेलही, पण विचारणारा पुरवठादार त्यांना आवडतो. बीडच्या जागी धातू आणखी ताणला जाईल, त्यामुळे तिचा आकार उथळ ठेवून ट्रायल मात्र हवीच.

आणि गेलेले नग. हा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलात, पण झोप याच प्रश्नाने उडाली असणार. ग्राहकाला कळवा. ट्रायलचा तक्ता तयार होईपर्यंतही थांबू नका, हे पत्र आधी जाऊ द्या. ऑर्डर जाईल ही भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवत नाही. पण दुसऱ्या पारड्यात रस्त्यावरच्या गाडीत इंजिन धरून ठेवणारा, मुळाशी नरम पडलेला ब्रॅकेट आहे, आणि तो कुणाच्या गाडीत गेलाय हे तुम्हाला माहीत नाही. शिवाय तुम्ही सांगितलं नाही आणि त्यांना परत आलेल्या नगावर सापडलं, तर तुमच्या आजवरच्या प्रत्येक लॉटवर शंका घेतली जाईल.

लिहिताना सारवासारव नको. कुठल्या तारखेच्या, कुठल्या चलनाच्या लॉटमध्ये, अंदाजे किती नग बेंडवर गॅसने तापवले गेले, तापमान मोजलेलं नाही, ते इतर नगांत मिसळले आहेत, ही पद्धत अमुक तारखेपासून बंद केली आहे. एवढंच. नग वापरायचे की नाहीत हे ठरवणं त्यांचं काम, तुम्ही "काही होणार नाही" असं आश्वासन देऊ नका. त्याऐवजी निवडून देण्याची तयारी दाखवा. नग हार्डनेसने, म्हणजे कठीणपणा मोजून, ओळखता येऊ शकतात. ६०० टेन्साइलच्या पत्र्याचा हार्डनेस साधारण १८५ ते १९० विकर्स (कठीणपणाचं एक माप) येतो, तापून नरम पडलेल्या जागी तो खाली घसरलेला असेल. फक्त बेंडच्या वळणावर मोजू नका, तिथे वाकवण्यानेच धातू कडक झालेला असतो आणि आकडा फसवतो. बेंडला लागून असलेला सपाट पट्टा आणि त्याच नगाचं लांबचं टोक, या दोन जागांची तुलना करा. चांगल्या नगाला दोन्ही आकडे जवळपास सारखे येतील. संशयास्पद नग बाजूला काढा, आणि निवड तुमच्या माणसांनी त्यांच्या गोदामात जाऊन करून द्यायची तयारी असेल तर तसं त्याच पत्रात लिहा.

मिस्त्रींना या सगळ्यात आरोपी करू नका. त्यांना ट्रायलचे वीस नग वाकवायला सांगा आणि कोन त्यांच्याच हाताने मोजून घ्या. वडिलांनाही त्या वेळी टेबलापाशी बसवा.

तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या, पण दुसऱ्या धातूवर काम करणाऱ्या वाचकांसाठी थोडंसं. ॲल्युमिनियमचा गुणांक स्टीलच्या एक तृतीयांश, म्हणजे तेवढ्याच यील्डला स्प्रिंगबॅक तिप्पट. स्टीलच्या डायवर ॲल्युमिनियम चालवून बघू म्हणणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा. स्टेनलेस वाकताना झपाट्याने कडक होत जातं, त्यामुळे त्याचा स्प्रिंगबॅक सर्टिफिकेटवरच्या यील्डवरून काढलेल्या अंदाजापेक्षा जास्तच निघतो. आणि ज्यांच्या ब्रॅकेटला एकमेकांना काटकोनात दोन बेंड आहेत, त्यांना एक बेंड तरी वाईट दिशेला येणारच. त्यांनी ब्लँक ४५ अंशांत तिरके बसवावेत, दोन्ही बेंडना मधली परिस्थिती मिळते.

तुमच्या कामाचा क्रम म्हणजे असा: आज गॅस बंद आणि ग्राहकाला पत्र, मग वीस नगांची ट्रायल, मग ब्लँक एका दिशेने, बर आत. इतकं झाल्यावरही चिरा राहिल्या तर त्या कुठून सुरू होतात ते फोटोसकट कळवा, आणि गोलाईची मंजुरी हातात पडेपर्यंत नवा पंच कापायला देऊ नका.